प्रलयाची तारीख विचारण्याआधी : इतिहासाचा अभ्यासक्रम आखणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

प्राचीन जगाचा इतिहास शाळेत ज्या रीतीने मांडला जातो, त्यात पुराणकथांना दोनच जागा मिळतात. एक तर धड्याच्या कडेला रंगीत चौकटीत ‘माहीत आहे का?’ म्हणून, नाहीतर पूर्णपणे बाहेर. बाहेर गेलेली कथा मग मोबाइलवरच्या व्हिडिओतून परत येते आणि येताना हातात तारीख घेऊन येते. महाभारत युद्ध इ.स.पू. ३०६७ साली झाले, ५५६१ साली झाले, ३१०२ च्या आधी झाले. विद्यार्थी विचारतो, ‘सर, यातलं खरं काय?’ आणि सरांकडे उत्तर नसते, कारण असा प्रश्न तपासायचा कसा हे सरांनाही कोणी शिकवलेले नसते. ही पद्धत अभ्यासक्रमात यावी म्हणून हे पत्र. नवे पुस्तक लागत नाही. एक कथा आणि चार तास पुरतात.

पुराणकथेकडे कसे पाहायचे हा वाद आपल्याकडे परदेशातून आलेला नाही. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन ग्रंथात, ऋग्वेदातल्या वृत्राबद्दल सरळ प्रश्न आहे : ‘तत्को वृत्रः?’ पुढे दोन उत्तरे आहेत. ‘मेघ इति नैरुक्ताः। त्वाष्ट्रोऽसुर इत्यैतिहासिकाः।’ शब्दांची व्युत्पत्ती पाहणारे म्हणतात ढग. ऐतिहासिक म्हणतात त्वष्ट्याचा मुलगा, असुर. ग्रीसमध्ये इ.स.पू. ३०० च्या सुमारास युहेमेरोस म्हणू लागला की देव म्हणजे जुन्या काळचे राजेच, लोकांनी त्यांना देव केले. एकोणिसाव्या शतकात भाषाभ्यासक मॅक्स म्युलरला जिथेतिथे सूर्य आणि उषा दिसू लागल्या. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने पुढे सांगितले की कथा ही समाजाची सनद असते : कोणाचा काय हक्क, कोणता विधी का, हे ती पक्के करते. प्रत्येकाच्या हातात एकेक किल्ली आहे, आणि प्रत्येकाला वाटते की सगळी कुलुपे तिनेच उघडतील. विद्यार्थ्याला किल्ल्यांचा जुडगा द्यावा, एवढेच आमचे मागणे.

उदाहरण प्रलयाच्या कथेचे घेऊ. ती मेसोपोटेमियात आहे, बायबलमध्ये आहे, कुराणात आहे, ग्रीसमध्ये आहे, शतपथ ब्राह्मणात आहे. चीनमध्येही आहे, पण तिथे तिचे रूपच वेगळे आहे आणि इजिप्तमध्ये ती जवळपास नाहीच. या दोन अपवादांकडे पुढे येऊ.

सगळ्यात आधी तीन वये वेगळी काढायला शिकवावे : हाती असलेल्या प्रतीचे वय, त्या रचनेचे वय, आणि कथेत सांगितलेल्या घटनेचे वय. नव्वद टक्के घोटाळे ही तीन वये एकात एक मिसळल्याने होतात.

१८७२ साली ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ या माणसाने (मूळ धंदा नोटा छापण्याचे ठसे कोरण्याचा) निनवेहून आलेल्या मातीच्या विटा वाचताना एका विटेवर प्रलय, डोंगरावर टेकलेली नौका आणि सोडलेले पक्षी ओळखले. ३ डिसेंबर १८७२ ला त्याने ते वाचन लंडनमध्ये जाहीर केले. ती वीट गिल्गमेश महाकाव्याची अकरावी पाटी. ती अश्शूरचा राजा असुरबनिपाल याच्या ग्रंथालयातली, म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकातली. हे झाले प्रतीचे वय. त्या महाकाव्याची ती बारा पाट्यांची आवृत्ती याहून काही शतके जुनी. प्रलयाचा भाग त्याहूनही जुन्या ‘अत्रहसीस’ या काव्यातून आलेला. त्याची तीन पाट्यांची एक प्रत इ.स.पू. १६३५ च्या आसपास, बाबिलोनचा राजा अम्मिसदुका याच्या काळात लिहिली गेली. हे झाले रचनेचे वय, आणि तेही ‘निदान इतके तरी जुने’ अशा अर्थाने. घटनेचे वय अजून कोणी विचारलेलेच नाही, आणि इथवर त्याची गरजही पडलेली नाही.

आता घटनेकडे जाऊ. १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली याला दक्षिण मेसोपोटेमियातल्या उर येथे खोल खड्ड्यात भांड्यांच्या तुकड्यांखाली स्वच्छ गाळाचा तीन मीटरांहून जाड थर लागला, आणि त्याखाली पुन्हा माणसांच्या वस्तू. ‘प्रलय सापडला’ अशी बातमी जगभर गेली. पुढे मेसोपोटेमियातल्याच किश आणि शुरुप्पाक या शहरांतही गाळाचे थर मिळाले. अडचण अशी की त्यांचे काळ एकमेकांशी जुळत नाहीत. उरचा थर बराच आधीचा, शुरुप्पाकचा इ.स.पू. २९०० च्या आसपासचा. आणि उरच्या अगदी जवळ असलेल्या एरिदूत तसा थर मिळालाच नाही. सगळे जग बुडवणारे पाणी शेजारचे गाव कोरडे ठेवून कसे जाईल? या पुराव्यातून एवढेच निघते की त्या सपाट प्रदेशात मोठे पूर वारंवार आले, आणि त्यातला एखादा, कदाचित शुरुप्पाकचा, लोकांच्या आठवणीत बसला असावा. कथेचा नायक शुरुप्पाकचाच आहे, हे त्या अंदाजाला बळ देते. वर्गात ‘सिद्ध झाले’, ‘शक्य आहे’ आणि ‘खोटे ठरले’ असे तीन रकाने करून यातले प्रत्येक वाक्य त्यात टाकायला लावावे. मुले ‘शक्य आहे’ हा रकाना रिकामा ठेवतात. सवय नसते.

शतपथ ब्राह्मणातली (१.८.१) मनूची कथा मुळातून वाचून दाखवावी; ती लहान आहे आणि फार सुंदर आहे. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यात एक मासा मनूच्या हाती येतो आणि म्हणतो, ‘बिभृहि मा पारयिष्यामि त्वा’ : मला सांभाळ, मी तुला तारीन. मोठा मासा लहान माशाला गिळतो म्हणून आधी त्याला कुंभीत, मग खड्ड्यात, मग समुद्रात ठेवायचे. ओघ येतो, नौकेचा दोर माशाच्या शिंगाला बांधला जातो, मासा ती उत्तरेच्या पर्वतावर नेतो. मनू एकटाच उरतो. तो पाण्यात तूप, दही वगैरेंच्या आहुती देतो आणि वर्षभरात त्यातून इडा ही कन्या उत्पन्न होते. इथे थांबून विचारावे : ही कथा या जागी का आली? कारण हा ब्राह्मणग्रंथ दर्शपूर्णमास यागातल्या (अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञातल्या) इडाभक्षणाच्या, म्हणजे इडा नावाचा हविर्भाग खाण्याच्या, विधीचे स्पष्टीकरण करत आहे. कथेचे काम विधीला आधार देणे हे आहे. पुराची तारीख सांगणे तिच्या कामात बसतच नाही.

मग हीच कथा पुढच्या ग्रंथांत कशी बदलते ते दाखवावे. शतपथात मासा कोण हे सांगितलेलेच नाही. महाभारताच्या आरण्यकपर्वात तो ‘मी प्रजापती ब्रह्मा’ असे म्हणतो, नौकेत सप्तर्षी आणि सर्व बीजे येतात, हिमालयाच्या शिखराला नौबन्धन हे नाव मिळते. मत्स्यपुराणात तो विष्णू होतो. भागवताच्या आठव्या स्कंधात मनूच्या जागी द्रविड देशाचा राजा सत्यव्रत येतो, नदी कृतमाला होते, आणि वेद चोरणारा हयग्रीव दैत्यही येतो. एका माशाच्या ओळखीवरून काही शतकांतला धर्माचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो : यज्ञातून प्रजापतीकडे, प्रजापतीकडून विष्णूकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे. हा खराखुरा इतिहास आहे, आणि तो केवळ पुराणकथाच देऊ शकते. पुराची तारीख शोधणाऱ्यांच्या हातून नेमका हाच निसटतो. (पाठभेद म्हणजे काय हे सांगायचे असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली, हा आकडा फळ्यावर लिहावा. दुसरे काही बोलावे लागत नाही.)

आता तुलना. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मुलांना मेसोपोटेमिया, बायबल आणि शतपथ या तिन्हींतली साम्ये शोधायला सांगितली की ती उड्या मारत सांगतात : पाणी आहे, नाव आहे, डोंगर आहे, एक भला माणूस आहे! मग निष्कर्ष : कथा एकच, घटना एकच. चूक अशी की ही साम्ये कथेला लागणारीच आहेत. पूर आणि वाचलेला माणूस एवढे ठरले की तरंगणारे काहीतरी हवे आणि पाणी ओसरताना आधी उघडा पडणारा उंचवटा हवा. जगात कुठेही बसून ही कथा रचली तरी नाव आणि डोंगर येणारच. वजन आहे ते नसते तरी चालले असते अशा तपशिलांना. गिल्गमेशात प्रलयातून वाचलेला उतनपिश्तिम आधी पारवा सोडतो, मग पाकोळी, मग कावळा. कावळा परत येत नाही. बायबलमध्ये नोहा आधी कावळा सोडतो, मग तीनदा पारवा. पक्षी सोडून जमीन शोधणे, तेही क्रमाने, शिवाय पारवा आणि कावळा दोन्हीकडे : हा योगायोग मानणे कठीण. पुढेही तसेच आहे. बळीचा वास देवांना येतो. बाबिलोनच्या कथेत भुकेले देव माश्यांसारखे गोळा होतात, बायबलमध्ये परमेश्वर तो सुवास घेतो. म्हणून बायबलची कथा मेसोपोटेमियाच्या परंपरेशी बांधलेली आहे, याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही.

शतपथात पक्षी नाहीत. प्राण्यांच्या जोड्या नाहीत, देवाचा राग नाही, माणसाचे पाप नाही. शिंगाचा मासा आहे, तो तिकडच्या प्रलयकथेत नाही. म्हणजे संबंध नाहीच का? असेही म्हणता येत नाही, कारण रस्ता होता. अक्कडचा राजा सारगोन इ.स.पू. २३०० च्या सुमारास अभिमानाने सांगतो की मेलुहाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते सिंधू प्रदेश. सिंधू शैलीच्या मुद्रा उरमध्ये मिळाल्या आहेत. शु-इलिशू नावाच्या माणसाच्या मुद्रेवर तो ‘मेलुहाच्या भाषेचा दुभाषी’ असल्याचे लिहिले आहे. दुभाषी असेल तिथे गोष्टीही इकडून तिकडे गेल्या असतील. पण ‘गेल्या असतील’ आणि ‘ही गेली’ यात हात राखून बोलायला हवे. आम्ही हा प्रश्न उघडाच ठेवतो, आणि तो वर्गातही उघडाच राहू द्यावा.

साम्यापेक्षा फरक जास्त बोलतो, आणि इथे भूगोलाच्या शिक्षकांना हाक मारावी. तैग्रिस-युफ्रेटिसला पूर येतो तो अनातोलियाच्या डोंगरांतले बर्फ वितळून, एप्रिल-मेमध्ये, म्हणजे शेतात सातू कापणीला आलेले असताना. नाईलचा पूर इथिओपियातल्या पावसाचा. तो ऐन उन्हाळ्यात चढतो, पेरणीच्या आधी ओसरतो आणि गाळ टाकून जातो. एका ठिकाणी पूर म्हणजे हातचे पीक गेले. दुसऱ्या ठिकाणी पूर नाही आला तर उपास. इजिप्तच्या लोकांना माणसांचा संहार सांगायचा झाला तेव्हा त्यांनी पाण्याला बोलावले नाही. तिथे रक्ताला चटावलेली देवी आहे आणि तिला थांबवायला लाल रंगवलेली बिअर शेतांत ओतली जाते. म्हणजे तिथे शेतभर पसरलेला पाट तारणारा आहे! पीत नदीची तऱ्हा तिसरीच. ती इतका गाळ वाहते की तिचे पात्र आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर चढते. बांध फुटला की शेकडो गावे पाण्यात. म्हणून चीनचा नायक नौकेत बसत नाही, फावडे हातात घेतो. आधी गुन बांध घालून पाणी अडवू पाहतो आणि फसतो. त्याचा मुलगा यू पाट काढून पाणी वाहते करतो. कामात गुंतलेला यू तीनदा घराच्या दारावरून जातो, आत पाऊल टाकत नाही. पुढे तोच राजा होतो. राज्यसत्तेचा हक्क पाटबंधाऱ्याच्या कामातून येतो, ही चीनची सनद.

यूच्या बाबतीत २०१६ मध्ये एक शोधनिबंध गाजला. पीत नदीच्या वरच्या अंगाला जिशी घळीत दरड कोसळून धरण तयार झाले आणि इ.स.पू. १९२० च्या सुमारास ते फुटून प्रचंड लोंढा आला, असा दावा होता. लोंढ्याच्या काळावर आणि खाली तो कुठवर पोचला यावर इतर भूवैज्ञानिकांनी आक्षेप घेतले. शिवाय यूचा सर्वांत जुना लेखी उल्लेख पश्चिम झोऊ काळातल्या काशाच्या भांड्यावरचा, म्हणजे त्या लोंढ्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी. तीन वये इथे पुन्हा मोजायला लावावीत.

आपल्याकडचे चांगले उदाहरण हस्तिनापूरचे आहे. पुराणे सांगतात की गंगेने हस्तिनापूर वाहून नेल्यावर निचक्षू राजा कौशांबीला गेला. १९५०-५२ मध्ये ब्रजबासी लाल यांनी तिथे उत्खनन केले तेव्हा चित्रित राखी भांड्यांच्या थरात पुराने वस्ती कापून नेल्याच्या खुणा मिळाल्या, काळ इ.स.पू. ८०० च्या आसपास. ग्रंथ, जागा आणि थर तिन्ही एकमेकांना पुष्टी देतात. मात्र यातून एका गावाचा पूर पटतो, महाभारत युद्ध सिद्ध होत नाही. ही मर्यादा सांगितली नाही तर त्या उत्खननावरही अन्याय होतो.

आता तारखांकडे येतो, कारण विद्यार्थी तिकडेच ओढ घेतात. सुमेरी राजावली वर्गात जरूर दाखवावी. प्रलयापूर्वी पाच शहरांत आठ राजे, एकूण राज्यकाल २,४१,२०० वर्षे. एकटा अलुलिम २८,८००. मुले हसतात. मग ३,६०० ने भागायला लावावे : ६७ आणि ८. बाकी शून्य! सुमेरी गणित साठावर चालते आणि ३,६०० म्हणजे साठ गुणिले साठ. ही वर्षे मोजून आलेली नाहीत, गणितातून बसवलेली आहेत. आता कलियुग : ४,३२,००० वर्षे, म्हणजे ३,६०० च्या १२० पट. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला बाबिलोनी लेखक बेरोसस प्रलयापूर्वीच्या दहा राजांना नेमकी हीच ४,३२,००० वर्षे देतो. आकडा तोच, नाते मात्र सिद्ध झालेले नाही. आणि आर्यभट? तो म्हणतो, साठ-साठ वर्षांच्या साठ आवर्तनांनंतर माझे वय तेवीस होते. कलीची ३,६०० वर्षे इ.स. ४९९ ला पूर्ण. शून्य वर्ष नसल्याने ३१०२ अधिक ४९९ वजा १ म्हणजे ३,६०० : इ.स.पू. ३१०२ हे कलीचे आरंभवर्ष असे मागे मोजून येते. (तो ‘वजा १’ विसरणे ही वर्गातली सर्वांत सामान्य चूक, संगणकाच्या आज्ञावलीत इ.स.पू. ३१०२ हे ‘उणे ३१०१’ असते, तिथे तर मोठमोठे घसरतात.) त्या क्षणी सगळे ग्रह एकत्र होते हे मध्यम (सरासरी) गतींच्या गणिताने आलेले आहे, आजच्या गणिताने मागे गेले तर आकाशात ते विखुरलेले दिसतात.

जुन्या परंपरेतही एकमत नव्हते, हे मुलांना सांगितले की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. इ.स. ६३४ चा ऐहोळेचा पुलकेशीचा शिलालेख भारतयुद्धाला ३,७३५ वर्षे झाल्याचे सांगतो, म्हणजे कलीची मोजणी. वराहमिहिर वृद्धगर्गाचे मत देतो : युधिष्ठिर शकापूर्वी २,५२६ वर्षे, म्हणजे इ.स.पू. २४४८ च्या सुमारास. कल्हण याच मताचा. आणि पुराणांत परीक्षिताच्या जन्मापासून नंदाच्या अभिषेकापर्यंतचे अंतर कुठे १,०१५, कुठे १,०५०, कुठे १,११५, कुठे १,५०० वर्षे. नंद इ.स.पू. चौथ्या शतकातला धरला तर युद्ध इ.स.पू. १४०० पासून १९०० पर्यंत कुठेही जाते. परंपरा जे सांगते ते सगळे मानायचे म्हटले तर युद्ध निदान तीन वेळा व्हावे लागेल.

ग्रहस्थितीवरून तारीख काढणाऱ्यांसाठी भीष्मपर्वाचा आरंभ वाचायला द्यावा. तिथे शनी रोहिणीला पीडा देत आहे, आणि लगेच पुढे गुरू-शनी विशाखांजवळ वर्षभर प्रज्वलित आहेत. रोहिणी आणि विशाखा आकाशात जवळजवळ समोरासमोर. एक वचन घेतले तर दुसरे सोडावे लागते, आणि कोणते सोडायचे हे तारीख आधी मनात ठरवलेला माणूस ठरवतो. त्याच यादीत ‘खरा गोषु प्रजायन्ते’ आहे : गायींना गाढवे होत आहेत. ही उत्पातांची यादी आहे. शनी अक्षरशः घ्यायचा आणि गाढवे अलंकारिक मानायची, याला कोणतीही कसोटी नाही. शिवाय शनी दर साडेएकोणतीस वर्षांनी त्याच नक्षत्रात येतोच. अयनचलनाने (विषुवबिंदूच्या संथ सरकण्याने) एक अंश सरकायला सुमारे ७२ वर्षे, एक नक्षत्र सरकायला ९६० वर्षे लागतात. विषुवबिंदू ‘कृत्तिकांच्या आसपास’ एवढ्या वाक्यातून हजार वर्षांच्या आतले उत्तर निघत नाही. ग्रहणांचे तर त्याहून अवघड. पृथ्वीचे फिरणे मंदावत आल्याने पाच हजार वर्षांत घड्याळात सुमारे वीस तासांचा फरक साचतो, आणि तो फरक नेमका किती हे त्या काळासाठी गणितानेच अंदाजलेले आहे. तासाभराची चूक म्हणजे ग्रहण पंधरा रेखांश सरकले : कुरुक्षेत्राऐवजी थेट इराणात.

मग कथेतून घटनेची तारीख कधीच मिळत नाही? मिळते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांत गरुडासारखा मेघगर्जनेचा पक्षी आणि देवमासा यांच्या लढाईच्या कथा आहेत : जमीन हलली, समुद्र आत आला, गावे गेली. तिथल्या खाडीत खारे पाणी शिरून मेलेली देवदाराची जंगले उभी आहेत. त्यांच्या मुळांतली वर्षवलये सांगतात की झाडे १६९९ चा हंगाम संपल्यावर आणि १७०० चा सुरू होण्याआधी मेली. पॅसिफिकच्या पलीकडे जपानच्या दफ्तरात गेन्रोकू काळाच्या बाराव्या वर्षाच्या बाराव्या महिन्यात, भूकंप न होताच, किनाऱ्यावर लाट चढल्याची नोंद आहे. लाटेच्या प्रवासाचा वेळ वजा केला की उत्तर येते : २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास, सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप. इथे तारीख कथेने दिलेली नाही; झाडाने आणि दफ्तराने दिली. कथेने दिले ते असे की त्या रात्री तिथे माणसे होती आणि त्यांनी ते सोसले. तिन्ही साक्षीदार एकमेकांना न भेटता बोलतात, यात सगळी ताकद आहे.

जागतिक इतिहासाच्या चौकटींबद्दल थोडक्यात, कारण हा भाग शिक्षक-प्रशिक्षणाचा आहे. एकच चौकट सगळ्यांवर बसवली की काय होते ते बायबलमधली वर्षे मोजणाऱ्या आर्चबिशप अशर यांनी दाखवले : सृष्टी इ.स.पू. ४००४, प्रलय २३४८. अठराव्या शतकात विल्यम जोन्स यांनी याच चौकटीत बसवताना मनूला नोहा केले आणि आपल्या सगळ्या वंशावळी आवळून घेतल्या. आज तीच चूक उलट्या दिशेने होते, एवढाच फरक. इतिहासकार टॉयन्बी यांच्यासारख्या संस्कृतीनिहाय मांडणीत प्रत्येक संस्कृती वेगळ्या डब्यात जाते. चार नद्यांचे चार धडे हे त्याचेच शालेय रूप, आणि त्यात शु-इलिशू दुभाष्याला जागाच उरत नाही. आम्हाला फ्रेंच इतिहासकार ब्रॉदेल यांची तीन थरांची काळाची कल्पना वर्गासाठी सर्वांत कामाची वाटते : नदीचा आणि हवामानाचा संथ काळ, शहर-शेती-व्यापाराचा मधला काळ, आणि राजा-लढाईचा चटकन सरणारा काळ. प्रलयाची कथा पहिल्या थरातून येते, दुसऱ्या थरात घडते, आणि लोक तिला तिसऱ्या थरात शोधत बसतात.

प्रत्यक्ष वर्गात असे करावे. पहिल्या तासाला अत्रहसीस किंवा गिल्गमेश, बायबल आणि शतपथ यांतला दीडशे-दोनशे शब्दांचा एकेक उतारा मराठीत द्यावा. सारांश नको, उताराच. सारांशात पक्षी गळतात आणि सगळ्या कथा सारख्या दिसू लागतात. दुसऱ्या तासाला दहा रकान्यांचा तक्ता : कारण, इशारा देणारा, वाचणारा, नौकेचा आकार, काय भरले, किती दिवस, जमीन कशी शोधली, कुठे टेकली, नंतर कोणता विधी, शेवटी काय मिळाले. आकार लिहिताना मापे लिहावीत : गिल्गमेशात प्रत्येक बाजू १२० हात, म्हणजे चौकोनी ठोकळाच, बायबलमध्ये ३०० बाय ५० बाय ३०, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जुन्या बाबिलोनी पाटीत चक्क गोल, टोपलीसारखी नौका. शतपथात माप नाही. तिथे रेघ ओढावी, अंदाज भरू नये. ‘कारण’ या रकान्यावर थोडे थांबावे : अत्रहसीसमध्ये माणसांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडते म्हणून प्रलय येतो, पाप वगैरे काही नाही. तिसऱ्या तासाला दोन रंगांचे पेन : कथेला लागणारच ते निळ्याने, नसते तरी चालले असते ते लालने. संबंधाबद्दल बोलायचे ते लाल खुणांवरच. चौथ्या तासाला नकाशा, नद्यांचे पुराचे महिने आणि थरांच्या तारखा.

बिघडते कुठे, तेही सांगून ठेवतो. मुले उताऱ्याऐवजी मालिकेतले आठवून लिहितात. प्रत्येक नोंदीला ओळ क्रमांक मागितला की हे थांबते. एखाद्या वर्गात नूह, नोहा आणि मनू तिन्ही घरचे असतात. तिथे खरे-खोट्यावर हात वर करायला कधीही सांगू नये, ‘या उताऱ्यात काय लिहिले आहे’ एवढ्यावरच राहावे. परीक्षेत ‘प्रलय केव्हा झाला?’ असा प्रश्न आला तर सगळे मुसळ केरात. त्याऐवजी एक अनोळखी प्रलयकथा द्यावी, ग्रीसमधली ड्यूकॅलियनची चालेल, आणि लाल-निळ्या खुणा करायला लावाव्यात. ड्यूकॅलियन मागे दगड टाकतो आणि त्यांची माणसे होतात, हा लाल तपशील ओळखणाऱ्याला पूर्ण गुण.

कोकण आणि गोव्यातल्या शाळांसाठी एक पाचवा तास सुचवतो. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि भूमी काढली, ही कथा तिथल्या प्रत्येक मुलाला येते. भूविज्ञान सांगते की वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि सात हजार वर्षांपूर्वीपर्यंत ती चढत गेली. मोठ्या काळात पाहिले तर समुद्र मागे गेला नाही, आत आला. म्हणून कथेला भूगर्भाचा पुरावा म्हणू नये. पण गोव्याची खाजन शेते आणि कोकणातली खारजमीन पाहा : बांध घालून, भरती-ओहोटीची दारे बसवून माणसांनी समुद्राकडून इंचाइंचाने जमीन घेतली आहे. आणि कथा सांगणारे सह्याद्रिखंड त्या जमिनीवर कोणाला वसवले, कोणाला कोणते गाव दिले, याच्या याद्या देते. मुलांना जवळच्या बांधावर न्यावे, मानशीचे दार कसे उघडते-मिटते ते बघू द्यावे, बांधाची डागडुजी कोण करते आणि पीक कोणाकडे जाते हे गावकऱ्यांना विचारू द्यावे. मग सह्याद्रिखंडातला उतारा हातात देऊन विचारावे : या कथेत बांध घालणारे कुठे आहेत?

कळावे,

आपले,
प्राचीन इतिहास आणि पुराणकथांचे काही अभ्यासक